जवळचं बेट, लांबचं बेट

सियागंजात आमच्या पेढीवर देशांची नावं घेत नाहीत.
भिंतीला शेजारच्या पेढीचे कान आहेत, म्हणून
कुतुबभाई म्हणतात जवळचं बेट, लांबचं बेट,
आणि मी वहीत लिहिते ज. आणि लां.
लवंग दोन्हीकडे पिकते.

लांबची स्वस्त. पोत्यामागे चहापाणी सुटावं इतकी नव्हे,
चांगली डोळ्यांत भरेल इतकी.
पण तिच्यावर आयात शुल्क पुरं,
आणि शुल्क काही नुसत्या लवंगेवर नसतं:
जहाजाच्या भाड्यावर असतं, म्हणजे अंतरावर;
विम्यावर असतं, म्हणजे
माल बुडेल या भीतीलासुद्धा टक्के लागतात.
वर अधिभार, आणि सगळ्यांच्या डोक्यावर जीएसटी,
तो परत येतो म्हणे,
रुसलेल्या जावयासारखा, त्याच्या सवडीनं.

जवळचं बेट महाग.
पण त्याच्याशी आपला करार आहे. रकान्यात शून्य.
अठ्ठावीस वर्षं हिशेब लिहितेय,
शून्यावर माझा पटकन विश्वास बसत नाही.

शून्याला एक कागद लागतो:
माल मूळचा तिथलाच, असा दाखला,
शिक्का गोल, सही निळी.

मंगळवारी दोन्ही नमुने आले, कागदाच्या पुड्यांत.
मी काचेच्या दोन ग्लासांत पाणी घेतलं.
तेल शाबूत असलेली लवंग पाण्यात उभी राहते,
डोकं वर, देठ खाली.
तेल काढून घेतलेली आडवी पडते.
लांबची उभी राहिली.
जवळचीही.
तोच तांबूस-काळा रंग, देठाची तीच लांबी,
दाताखाली तोच चटका,
जणू एकाच झाडानं
दोन वेगळ्या पत्त्यांवरून पत्रं टाकली.

मग मी मागच्या वर्षांचे आकडे काढले.
जवळच्या बेटावर जितकी झाडं
त्यांच्या आवाक्याबाहेरची लवंग ते बेट विकतंय.
रात्री कुठल्याशा धक्क्यावर
कुणीतरी पोती बदलत असणार.

“ताई, किधर से उठाएँ?”

मला रविवार आठवला.
भाचीच्या सोयरिकीला पुण्याहून माणसं आली होती.
पोहे-जिलबी झाल्यावर म्हणाली,
मराठी छान बोलता की तुम्ही. मूळचे कुठले?
यांनी सांगितलं, रामबागेतले.
ते झालं हो, पण मूळचे?
सहा पिढ्या. दाखला कुणाकडेच नाही.
बोलता बोलता एखादं ‘लेकिन’ निसटतं,
तेवढ्यावरच आमची जकात बसते.

लवंगेचं वेगळं. तिला कुणी विचारलं तर
ती गप्प बसेल, आणि
खोट्या शिक्क्याचा दंड माझ्या सहीवर येईल.

मी म्हटलं, लांबचं बेट. शुल्क पुरं भरून.
कुतुबभाईंनी कॅल्क्युलेटर स्वतःकडे ओढला,
दोनदा केलं, दोनदा तेच उत्तर.
तिसऱ्यांदा शून्य धरून केलं.
ते उत्तर त्यांनी बराच वेळ पाहिलं,
पंख्याखाली दाढी हलत होती.
मग पुसलं.

संध्याकाळी छावणीतला शेववाला आला,
लवंग-शेवेसाठी दर महिन्याला येतो तोच.
मूठभर हुंगली, डोळे मिटून. भाव विचारला.
कुठली, ते नाही.

टेबलावर ग्लास तसेच होते.
दोन्हींतल्या लवंगा अजून उभ्या,
आणि कुठला ग्लास कुठल्या बेटाचा
ते लिहून ठेवायचं
माझ्याकडून राहूनच गेलं होतं.